यादी बाजूला ठेवा, आधी जुने पेपर उघडा

पत्र

नमस्कार. मुलगी यंदा दहावी झाली, सेमी इंग्लिशमधून. गणित-विज्ञानाची गोडी आहे, त्यातही फिजिक्स जास्त आवडतं. लातूरला किंवा संभाजीनगरला क्लाससाठी ठेवणं आम्हाला झेपणार नाही, म्हणून इथल्याच ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला घातलं आहे. तिला जेईई द्यायची आहे, सीईटी तर देणारच आहे, आणि आता ऑलिम्पियाडचंही मनात घेतलं आहे. माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनिअर आहे, त्याने १९ पुस्तकांची यादी पाठवली. दुकानात विचारलं तर हिशेब बारा हजारांवर गेला. माझ्याकडे पाच हजार आहेत. मुलगी म्हणते बाकी काही नको, पण इरोडॉव्ह पाहिजेच. मी स्वतः बी. ए. झालेली, पतसंस्थेत काम करते. यातलं मला काही कळत नाही. कुठली पुस्तकं घेऊ, कुठली सोडू? आणि घेतलेल्या पुस्तकाचा तिला उपयोग होतोय की नाही, हे मला कसं कळणार?
— एक आई, जिंतूर

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या भाच्याने यादी मनापासून केली आहे. त्यात टाकाऊ पुस्तक एकही नाही. पण ही कुठल्याही एका परीक्षेची यादी नव्हे, वर्षानुवर्षं साचत गेलेली यादी आहे. हॉल आणि नाइट यांचं बीजगणित १८८७ सालचं. लोनींची त्रिकोणमिती १८९३ची. इरोडॉव्हचा फिजिक्सच्या गणितांचा संग्रह सोव्हिएत काळातला, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचा. एच. सी. वर्मांच्या फिजिक्सचे दोन भाग १९९२चे. आणि त्यावर अलीकडचे पाच-पाच, सहा-सहा खंडांचे जाडजूड संच. प्रत्येक पिढीने आपल्याला उपयोगी पडलेलं पुस्तक यादीत घातलं, पण आधीचं काढायची हिंमत कुणी केली नाही.

परीक्षा मात्र बदलत गेली. आयआयटीच्या प्रवेश परीक्षेतला मुख्य पेपर २००५पर्यंत लेखी उत्तरांचा होता, गणित पायरीपायरीने सोडवून दाखवावं लागायचं. तेव्हा एका गणितापाशी तासभर बसायची सवय परीक्षेतही कामाला यायची. २००६पासून ती परीक्षा वस्तुनिष्ठ झाली आणि २०१८पासून ती, म्हणजे आताची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पूर्णपणे संगणकावर गेली. तिच्या आधीची पायरी म्हणजे जेईई मेन; तिला तर तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम अडीच मिनिटं. जुनी पुस्तकं यामुळे निकामी झाली असं मी म्हणणार नाही. पण कुठलं पुस्तक कशासाठी, हे यादीवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

तेव्हा पहिलं काम: महिनाभर एकही पुस्तक विकत घेऊ नका. त्याऐवजी मुलीला जुने पेपर उतरवून घ्यायला सांगा. जेईई मेनचे पेपर ती परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर मिळतात, अ‍ॅडव्हान्स्डचे त्या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर, आणि राष्ट्रीय ऑलिम्पियाडचे पेपर उत्तरांसकट मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर. सगळे फुकट. प्रत्येकाचा एकेक संच कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, मोबाइलच्या पडद्यावर ठेवू नका. हे पेपर आत्ता सोडवायचे नाहीत, नुसते वाचायचे. जो प्रश्न काय विचारतोय एवढं तरी कळलं, त्यावर पेन्सिलीने खूण. भिंगं, विद्युतधारा, दहावीतलं गुरुत्वाकर्षण यांवरचे एक-दोन प्रश्न तिला आताही ओळखीचे वाटतील. हे पेपर शेजारी शेजारी ठेवले की प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे हे तिचं तिलाच दिसेल, आणि ते माझ्या सांगण्यापेक्षा बरं.

तुमच्यासाठी तो स्वभाव थोडक्यात सांगते. राज्याच्या सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटात १५० प्रश्न आणि २०० मार्क. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन, फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी एक. चुकलं तर मार्क कापत नाहीत. सुमारे ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर, तोही आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर. म्हणजे सीईटीचं पुस्तक तुमच्या घरात येणारच आहे: बालभारतीचं. जेईई मेनला बरोबर उत्तराचे चार, चुकीचा एक वजा, आणि पाया एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या संस्थेच्या पुस्तकांचा. मेनमधल्या वरच्या अडीच लाख मुलांना अ‍ॅडव्हान्स्डला बसता येतं. तिथे एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर असतात, प्रश्नांची ठेवण दरवर्षी थोडी बदलते आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असणारे प्रश्न मुलांची परीक्षा पाहतात. ऑलिम्पियाडचं पुढे सांगते.

आता पुस्तकांकडे येऊ. बालभारतीच्या पुस्तकांना नाक मुरडायची एक फॅशन आहे, विशेषतः क्लासवाल्यांत. तिच्या नादी लागू नका. एक तर आयआयटी-एनआयटीत जायला बारावीला ७५ टक्के तरी हवेत, नाहीतर आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये तरी असावं लागतं. मेनमध्ये उत्तम मार्क पडूनही बारावीने घात केलेली मुलं दरवर्षी दिसतात. दुसरं म्हणजे, अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींवर आहे. सदिश (व्हेक्टर) आणि कलनाची (कॅल्क्युलस) तोंडओळख त्यात आहे. गणिताच्या पुस्तकात मात्र विकलन, म्हणजे कलनाचा पहिला भाग, अकरावीच्या दुसऱ्या भागात येतं, म्हणजे वर्ष सरत आल्यावर. फिजिक्सला ते पहिल्या महिन्यातच लागतं. जेईईच्या वाटेवरची निम्मी मुलं गतीच्या धड्यात अडतात ती फिजिक्समुळे नाही, या न शिकलेल्या गणितामुळे. तेव्हा तो दुसरा धडा कॉलेजने घाईत उरकला तरी तुमच्या मुलीने उरकू नये.

केमिस्ट्रीत तर मजाच आहे. २०२२-२३पासून एनसीईआरटीने आपली पुस्तकं बरीच कापली. बारावीच्या केमिस्ट्रीतून घनावस्था गेली, पृष्ठरसायन गेलं, आणि पी-ब्लॉकचा (आवर्तसारणीतल्या उजवीकडच्या मूलद्रव्यांचा) गट १५ ते १८चा अख्खा धडाही गेला. जेईई मेनच्या अभ्यासक्रमात मात्र पी-ब्लॉक आहे, १३ ते १८ सगळे गट. मग ते वाचायचं कुठून? शहरातली मुलं त्यासाठी जाड संदर्भग्रंथ घेतात. तुमच्या मुलीच्या दप्तरात ते असणारच आहे! बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात (२०१९ची आवृत्ती) गट १३, १४ आणि १५ आहेत, बारावीच्या पुस्तकात (२०२०ची) गट १६, १७ आणि १८ आहेत, आणि बारावीचा पहिला धडाच घनावस्थेचा आहे. तेव्हा केमिस्ट्रीला नियम असा: आधी बालभारती, मग तोच धडा एनसीईआरटीत, आणि दोन्हींत जे वेगळं असेल ते समासात लिहून ठेवायचं. एकीकडे नसलेला धडा दुसरीकडे सापडला की अधिकृत अभ्यासक्रमाच्या कागदाशी ताडून पाहायचं. तो कागद छापून भिंतीला लावा. १९ पुस्तकांपेक्षा जास्त उपयोग त्या एका कागदाचा होतो.

एनसीईआरटीची पुस्तकं त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पूर्ण मिळतात, एक्झेम्प्लर नावाचे सरावसंचही तिथेच आहेत. केमिस्ट्रीची मात्र छापील प्रत घ्या, कारण ती दोन वर्षं रोज हातात राहणार. बाजारात नकली प्रती खूप फिरतात. अस्सल प्रतीच्या कागदाला एनसीईआरटीचा जलचिन्हाचा ठसा असतो, पान उजेडात धरून बघा. फिजिक्स आणि मॅथ्सच्या एनसीईआरटीसाठी कॉलेजचं ग्रंथालय चालेल.

फिजिक्सचं एकच पुस्तक विकत घ्यायचं झालं तर एच. सी. वर्मा. यात नवं काही सांगत नाही, तुमच्या यादीतही ते पहिलंच आहे. पण ते वापरायचं कसं हे यादीत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. दोन भागांत मिळून ४७ धडे आहेत, त्यांतले पहिले २२ पहिल्या भागात. आत्ता फक्त पहिला भाग घ्या. प्रत्येक धड्यात आधी विवेचन, मग सोडवून दाखवलेली उदाहरणं, मग छोट्या उत्तरांचे प्रश्न, मग वस्तुनिष्ठ प्रश्नांचे दोन संच, आणि शेवटी गणितं. बहुतेक मुलं विवेचन चाळतात आणि थेट शेवटच्या गणितांवर उडी मारतात, कारण वहीत 'एवढी गणितं झाली' असं दिसतं. माझ्या मते या पुस्तकाचा जीव त्या छोट्या उत्तरांच्या प्रश्नांत आहे. त्यांत आकडा नसतो, सूत्र घालायची सोय नसते. विचार करावा लागतो आणि दोन ओळींत मांडावा लागतो. वस्तुनिष्ठचा दुसरा संच असा, की त्यात एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मुलं जिथे घसरतात, नेमका तोच प्रकार. तो आतापासून सवयीचा झाला तर बरं.

सोडवून दाखवलेली उदाहरणं वाचायची नसतात. खालचं उत्तर कोऱ्या कागदाने झाकायचं, पंधरा मिनिटं स्वतः झटायचं, अडलं तर कागद एक ओळ खाली सरकवायचा. कंटाळवाणं वाटतं. पहिल्या महिन्यात मुलगी वैतागेल, 'मैत्रिणीचे तीन धडे झाले, माझा एकच' म्हणेल. तेव्हा तुम्ही घाई करू नका.

पुस्तक तिच्या मापाचं आहे की नाही, हे ओळखायची माझी एक जुनी रीत आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून ते आठ दिवसांसाठी आणा, न्यूटनच्या नियमांचा धडा तिला वाचायला द्या आणि शेवटच्या गणितांतली मधली दहा करायला सांगा. तीन-चार आपोआप सुटली, तीन-चार झटापट करून सुटली आणि दोन-तीन सुटलीच नाहीत, तर पुस्तक बरोबर आहे. दहाच्या दहा सुटली तर ते तिला लहान झालंय. एकही सुटलं नाही तर पुस्तकाला दोष देऊ नका आणि मुलीलाही देऊ नका. दोन महिने बालभारती आणि एनसीईआरटी करून पुन्हा त्याच धड्याकडे या. कुठलंही पुस्तक घेण्याआधी हाच प्रयोग करा, नाव कितीही मोठं असो. दुसऱ्या भागाबद्दल एवढंच सांगते, की अ‍ॅडव्हान्स्डच्या तयारीत वीज आणि चुंबकत्वाच्या धड्यांना नंतर थोडी जोड लागते. ती जुन्या पेपरांतून भागते. भागली नाही तर बारावीत बघू.

आता इरोडॉव्ह. मुलीचा हट्ट कळतो. त्या पुस्तकाभोवती एक वलय आहे. वसतिगृहातल्या टेबलावर ते नुसतं ठेवलेलं असलं तरी बाकीची मुलं दबकून असतात. पण ते मुळात रशियातल्या उच्च शिक्षणसंस्थांत भौतिकी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं, सुमारे १९०० गणितांचं पुस्तक आहे. विवेचन नावापुरतं, उत्तरं मागे, आणि अवघड गणितांना तेवढा इशारा. त्यातली बरीच गणितं जेईईच्या अभ्यासक्रमाबाहेरची आहेत. आत नेमकं काय आहे हे तिलाच दाखवू. त्यातलं अगदी पहिलं गणित माझ्या शब्दांत सांगते:

एक मोटरबोट नदीच्या प्रवाहाच्या दिशेने चालली आहे. 'अ' या ठिकाणी ती पाण्यावर वाहत जाणाऱ्या एका तराफ्याला मागे टाकते. तिथून एक तासाने बोट वळते, आणि परत येताना तोच तराफा तिला 'अ'पासून सहा किलोमीटरवर भेटतो. इंजिनाचा जोर सगळा वेळ सारखाच. नदीच्या पाण्याचा वेग किती?

हे तिला आज रात्री द्या. बहुधा ती बोटीचा एक वेग धरेल, पाण्याचा दुसरा, जातानाचं अंतर, येतानाचं अंतर, तीन समीकरणं मांडेल आणि पान भरून उत्तर काढेल. उत्तर बरोबर येईलही. मग तिला म्हणावं, 'आता तू तराफ्यावर बस.' तराफ्यावर बसलेल्याला आजूबाजूचं पाणी थांबलेलंच दिसतं, कारण तो पाण्याबरोबरच चाललाय. त्याच्या दृष्टीने बोट एक तास लांब गेली आणि त्याच वेगाने परत आली, म्हणजे यायलाही एकच तास. एकूण दोन तास. तेवढ्या वेळात तराफा सहा किलोमीटर सरकला. पाण्याचा वेग ताशी तीन किलोमीटर. झालं. बोटीचा वेग किती होता, ते विचारायची गरजच पडली नाही.

असं एखादं गणित सुटल्यावर तिचा चेहरा कसा होतो ते बघा. आनंद झाला, 'अजून एक दे' म्हणाली, तर ही मुलगी ऑलिम्पियाडच्या वाटेची आहे, आणि अकरावीचं यांत्रिकी संपल्यावर इरोडॉव्हचा पहिला भाग तिच्या हातात द्यायला हरकत नाही. तोही आठवड्याला चार-पाच गणितं, जास्त नाही. 'पण मग सूत्र कुठलं वापरलं?' असं विचारून नाराज झाली, तरी काही बिघडलं नाही. जेईई इरोडॉव्हशिवाय उत्तम होते. फक्त एक पथ्य पाळा. बाजारात इरोडॉव्हची सगळी गणितं सोडवून दिलेली वेगळी पुस्तकं मिळतात. ती घरात आणू नका. ती आली की मूळ पुस्तक संपलंच म्हणून समजा.

गणिताचं थोडक्यात सांगते. जेईईसाठी बालभारती, एनसीईआरटी, एक्झेम्प्लर आणि जुने पेपर एवढ्यावर अकरावीचं वर्ष निघतं. जाड संच हवासा वाटला तर बारावीत एखादाच, आणि तोही ज्या भागात ती कच्ची आहे तेवढाच खंड. लोनी आणि हॉल-नाइट ही सुंदर पुस्तकं आहेत, आवडीने वाचणाऱ्याने जरूर वाचावीत. परीक्षेसाठी विकत घेऊ नयेत. गणिताच्या ऑलिम्पियाडची वाट मात्र अगदी वेगळी आहे. तिथे कलन नसतं. संख्या सिद्धांत (पूर्णांकांचे गुणधर्म), मोजणीचे प्रश्न, असमानता आणि युक्लिडची भूमिती असते. तुमच्या मुलीचा ओढा फिजिक्सकडे आहे म्हणून मी खोलात जात नाही. पुढेमागे तिकडे वळली तर पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने खास याच तयारीसाठी काढलेलं 'अ‍ॅन एक्स्कर्शन इन मॅथेमॅटिक्स' हे पुस्तक आहे. आपल्याच प्राध्यापकांनी लिहिलेलं, आणि देशभरातली मुलं वापरतात.

केमिस्ट्रीतल्या मोठ्या परदेशी ग्रंथांपैकी, म्हणजे मॉरिसन-बॉयड, जे. डी. ली वगैरेंपैकी आत्ता एकही नको. ती पदवीची पुस्तकं आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयात असतात. शंका आली की तेवढं पान बघायचं आणि परत ठेवायचं.

ऑलिम्पियाड या नावाखाली दोन भलत्याच गोष्टी चालतात, त्यांत गल्लत नको. शाळेशाळेत फॉर्म भरून घेतात, सोबत सरावपुस्तिका विकतात आणि भरपूर पदकं वाटतात, त्या खाजगी परीक्षा. त्या वाईट नाहीत, पण त्यांचा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडशी संबंध नाही. खरी वाट भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटनेच्या, म्हणजे आयएपीटीच्या परीक्षेपासून सुरू होते. फिजिक्सची एनएसईपी, केमिस्ट्रीची एनएसईसी, जीवशास्त्राची एनएसईबी, खगोलशास्त्राची एनएसईए, आणि दहावीपर्यंतच्या मुलांसाठी ज्युनिअर सायन्सची एनएसईजेएस. परीक्षा साधारण नोव्हेंबरात होते. त्यातून निवडलेली मुलं पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास राष्ट्रीय ऑलिम्पियाडला बसतात. फिजिक्सचा तो पेपर लेखी असतो, लांबलचक गणितांचा. त्यातले मोजके जण मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात शिबिराला जातात, आणि शिबिरातून फिजिक्सचे पाच जण भारताच्या संघात. २०१८ साली लिस्बनला गेलेल्या आपल्या पाचही मुलांनी सुवर्णपदकं आणली होती.

हे ऐकून छाती दडपू देऊ नका. पहिल्या पायरीला बसायला अकरावीचं फिजिक्स नीट झालेलं असलं की पुरे. वेगळं पुस्तक लागत नाही: वर्मांचा पहिला भाग आणि मागच्या वर्षांचे एनएसईपीचे पेपर. अकरावीच्या नोव्हेंबरात निम्माही अभ्यासक्रम झालेला नसेल, तरी एकदा बसू द्या. पेपर कसा असतो ते कळेल, आणि खरा प्रयत्न बारावीत. राष्ट्रीय पेपर तर न बसताही सोडवता येतात. जेईईच्या धबडग्यातून सुट्टी म्हणून रविवारी त्यातलं एखादं गणित घेऊन बसायला काय हरकत आहे? एनएसईए सुद्धा सुचवून ठेवते. त्यात फिजिक्स आणि गणिताचाच भरणा असतो, आणि आकाश बघायची हौस असलेल्या मुलींना तो पेपर आवडतो. २०२५ साली खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच भरलं होतं.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सेमी इंग्लिश वाचलं म्हणून सांगते. जेईई मेनचा पेपर मराठीत मागता येतो, अ‍ॅडव्हान्स्डचा फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतो. पुस्तकं इंग्रजीत, कॉलेज इंग्रजीत, तर पेपरही इंग्रजीतच ठेवा. पहिले तीन महिने वर्मांचं एक पान वाचायला तिला तास लागेल. तो तास फुकट जात नाही. मात्र विचार मराठीत करायला आणि तुम्हाला मराठीत सांगायला तिला कुणी अडवू नका.

त्यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. उपयोग होतोय की नाही हे कळायला तुम्हाला फिजिक्स यायची गरज नाही. रात्री भाकऱ्या करताना तिला आज केलेलं एक गणित तोंडी सांगायला लावा. काय दिलं होतं, काय काढायचं होतं, कुठे अडलं, कसं सुटलं. तुम्हाला गोष्ट म्हणून कळली तर तिला गणित कळलंय. 'ते सूत्र असतं ना, त्यात घालायचं' एवढंच म्हणाली, तर नाही कळलेलं. दुसरी खूण पुस्तकाच्या कडेवर दिसते. सहा महिन्यांनी पुस्तक मिटून बाजूने बघा. पहिल्या तीन धड्यांची कड मळकी आणि बाकी सगळं कोरं करकरीत असेल, तर नवं पुस्तक आणायची वेळ अजून आलेली नाही, कुणी कितीही सुचवलं तरी. तिसरी खूण कच्च्या वहीत. खाडाखोड, अर्धवट सोडलेले प्रयत्न, पुन्हा केलेलं तेच गणित हे सगळं त्यात असलंच पाहिजे. सुबक, रंगीत पेनांनी लिहिलेली कच्ची वही बघितली की मला शंका येते.

पैशांचा हिशेब असा लागतो: वर्मांचा पहिला भाग, एनसीईआरटी केमिस्ट्रीचे अकरावीचे दोन भाग, आणि पेपरांच्या झेरॉक्स. तुमच्या पाच हजारांतले निम्मेही खर्च होणार नाहीत. वर्मांची जुनी प्रतही चालते. परभणीत नाही मिळाली तर पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी अप्पा बळवंत चौकातून आणायला सांगा. कुणी पेन्सिलीने उत्तरं लिहून ठेवली असतील तर आधी खोडरबरने पुसायची. याउलट, जुन्या पेपरांचे छापील संग्रह सेकंडहँड घेऊ नका, कारण प्रश्नांची संख्या आणि मार्कांची पद्धत मध्ये बदलली आहे. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफबद्दल एवढंच म्हणेन, की ज्यांच्या मोबाइलमध्ये दोनशे पुस्तकं असतात त्यांनी त्यांतलं एकही पूर्ण केलेलं मी पाहिलेलं नाही.

उरलेले पैसे बारावीसाठी ठेवा. तेव्हा वर्मांचा दुसरा भाग लागेल, आणि अर्जांच्या फीचा खर्च येतो तो वेगळाच. अर्जांत एक भर घाला. मुलीला खरंच फिजिक्स आवडत असेल, तर इंजिनिअरिंग हाच एक रस्ता नाही. विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन चालणाऱ्या संस्थाही आहेत: पुण्याच्या आयसरसाठी आयएटी आणि भुवनेश्वरच्या नायसरसाठी व मुंबईच्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट, या दोन परीक्षा तिने द्याव्यात असं मला वाटतं. आयएटीत जीवशास्त्राचेही प्रश्न असतात, गणित-फिजिक्स-केमिस्ट्रीइतकेच. म्हणून अकरावीला बायोलॉजी सोडायची की ठेवायची, हा निर्णय कॉलेजात विषय पक्के होण्याआधी घ्या.

आणि एनएसईपीसाठी जुलैतच कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना भेटा. नावनोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात असते, आणि कॉलेजला स्वतःचं नाव परीक्षा केंद्र म्हणून नोंदवता येतं. तुमच्या मुलीबरोबर बसणारी आणखी मुलं-मुली निघाली तर सरांनाही हुरूप येईल आणि केंद्र जिंतूरलाच होऊ शकेल. नाहीच जमलं, तर जवळचं केंद्र कुठलं ते आयएपीटीच्या यादीत बघून अर्ज भरा, आणि त्या रविवारची पतसंस्थेतली कामं आधीच कुणाला तरी सांगून ठेवा.